दीव की राधानगर? खान्देशातून बेटावरचा समुद्र बघायला निघताना

आपली तापी डुमसजवळ समुद्राला मिळते, म्हणून जळगाव-नंदुरबारकडच्या कितीतरी जणांचा पहिला समुद्र तोच: काळी वाळू, गढूळ पाणी, भज्यांच्या गाड्या आणि गर्दी. निवांत बेट बघायचं म्हटलं की मग दोन नावं पुढे येतात, दीव आणि अंदमानातला राधानगरचा किनारा.

दीवला जाणं सोपं. सुरतेपर्यंत रेल्वे, तिथून रात्रीची ट्रॅव्हल्स. पण मला दीव जवळचं वाटतं ते इतिहासामुळे. १५३५ साली गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधू दिला आणि दोनच वर्षांत दीवच्याच समुद्रात, त्यांच्याशी झालेल्या झटापटीत तो मारला गेला. त्याच्या मागे गुजरातचा सुलतान म्हणून नाव पुकारलं गेलं ते त्याच्या भाच्याचं, म्हणजे आपल्या खान्देशच्या मिरान मुहंमद फारुकीचं! तो गादीपर्यंत पोचलाच नाही, वाटेतच वारला. किल्ल्याच्या तटावर उभं राहून खाली खाडीतला पाणीकोठा, म्हणजे पाण्यातला छोटा किल्ला, बघताना हे आठवलं पाहिजे. पोर्तुगीज इथून गेले ते थेट डिसेंबर १९६१ मध्ये.

दीवमधल्या नागोव्याचा किनारा घोड्याच्या नालेच्या आकाराचा, काठाला होका ताडाची झाडं. आपल्याकडचा ताड सरळसोट वाढतो, याला मात्र फांद्या फुटतात. सुट्टीच्या दिवशी तिथे दारू पिणाऱ्यांचा गोंगाट फार, त्यामुळे शांतता हवी असेल तर पश्चिम टोकाला वणाकबाऱ्याजवळच्या गोमतीमाता किनाऱ्यावर जा.

राधानगर मात्र सौंदर्यात दीवच्या कितीतरी पुढे आहे. मागे उंच झाडांचं घनदाट जंगल, पुढे पांढरी मऊ वाळू आणि निळं-हिरवं पाणी. ते ज्या बेटावर आहे त्या हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित बंगाली कुटुंबांना १९५० च्या दशकात इथे वसवलं, म्हणून गावांची नावं गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर अशी. डिसेंबरात जाल तर दुपारी तीनलाच किनारा गाठा, कारण घड्याळ आपलंच असलं तरी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. खर्च मोठा: विमान, मग पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून नाव श्री विजयपुरम) बोट. बोट लागणाऱ्यांनी गोळी घेऊनच बसावं. सेल्युलर जेल बघितल्याशिवाय मात्र परतू नका.

आई-वडील आणि पोरं बरोबर असतील, चार दिवसांचीच सुट्टी असेल, तर माझं मत दीवला. नुसत्या समुद्रासाठी जायचं आणि आठवडा मोकळा असेल, तर पैसे साठवून राधानगरच गाठा. दीवचा मुक्काम नागोव्यापेक्षा गावात घ्या, किल्ला पायी होतो. दिवाळीची गर्दी तेवढी टाळा.