ग्रेगोरियन मिस्सा कुठे द्यावी: धर्मग्राम, मठ की बाहेरची संस्था?

घरातलं माणूस गेलं की सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) आपल्या कॅथलिकांत कुणी चुकवत नाही. सलग तीस मिस्सांचा विषय मात्र उशिरा निघतो आणि घाईत कुठेतरी नाव देऊन टाकलं जातं. पोप ग्रेगरी (590–604) यांनी आपल्या मठातल्या जुस्तुस नावाच्या मृत साधूसाठी अशा तीस मिस्सा करवून घेतल्या. त्यांच्याच नावाने ही प्रथा ‘ग्रेगोरियन मिस्सा’ म्हणून चालते.

अटी मोजक्या, पण पक्क्या. तीस दिवस रोज एक मिस्सा, एकाच आत्म्यासाठी, आणि ती व्यक्ती मृत हवी. आई-वडील दोघांसाठी द्यायच्या तर साठ मिस्सा होतात. धर्मगुरू किंवा वेदी रोज तीच हवी असं बंधन नाही.

स्वतःच्या धर्मग्रामात (आपल्या पॅरिशमध्ये) दिल्या तर कुटुंबाला रोज हजर राहता येतं, कम्युनियन घेता येतं. याहून मोठी जमेची बाजू नाही. अडतं ते रविवारी. रविवारी आणि आज्ञेच्या सणांना (ज्या सणांना मिस्सेला जाणं बंधनकारक असतं) प्रमुख धर्मगुरूंनी एक मिस्सा आपल्या सगळ्या लोकांसाठीच अर्पण करायची असते. एकच फादर आणि एकच मिस्सा असेल तर तुमचा हेतू, म्हणजे मिस्सा ज्याच्यासाठी अर्पण करायची ते नाव, त्या दिवशी बसत नाही. म्हणून नाव देतानाच विचारा: ‘फादर, रविवारी हा हेतू कोण घेणार?’ दुसरी गफलत सामूहिक हेतूंची. दहा नावं वाचून होणाऱ्या मिस्सेत आपलं नाव आलं म्हणजे ग्रेगोरियन झाली, असं नाही. सामूहिक हेतूसाठी देणाऱ्याची संमती लागते, हे रोमने (व्हॅटिकनने) 1991 मध्ये सांगितलं आणि 2025 मध्ये पुन्हा सांगितलं.

आमची पहिली पसंती मठ, सेमिनरी (धर्मगुरू घडवणारं विद्यालय) किंवा निवृत्त धर्मगुरूंचा निवास. तिथे धर्मग्रामाचा व्याप नसतो आणि एक फादर आजारी पडले तर दुसरे पुढे चालवतात. उणीव एवढीच की कुटुंबाला रोज जाता येईलच असं नाही. निदान पहिल्या आणि शेवटच्या मिस्सेची वेळ विचारून घ्यावी.

1947 पासून काम करणारी ‘एड टू द चर्च इन नीड’ ही कॅथलिक मदतसंस्था परदेशात राहणाऱ्या वसईकरांसाठी चांगला पर्याय आहे. तिथे दिलेली देणगी गरीब देशांतल्या धर्मगुरूंपर्यंत जाते आणि मिस्सा ते अर्पण करतात. एका देणगीतून मृतासाठी प्रार्थना आणि जिवंत फादरचा आधार, दोन्ही होतं. तारखा कळायला हव्या असतील तर आधीच विचारा.

देणगी ही मिस्सेची किंमत नव्हे. साध्या मिस्सेची रक्कम त्या प्रांतातले बिशप ठरवतात. तीस दिवस बांधून घ्यावं लागत असल्याने ग्रेगोरियनची देणगी सहसा जास्त असते. ‘तातडीची मिस्सा, जादा दर’ असा फलक लावणाऱ्या संकेतस्थळापासून मात्र दूर राहावं. मिस्सेच्या देणगीत व्यापाराचा भासही होऊ नये, असं ख्रिस्तसभेचा कायदा (कलम 947) सांगतो.

चिठ्ठीवर मृताचं पूर्ण नाव, ‘मृत’ हा शब्द, ‘ग्रेगोरियन, सलग तीस’ आणि सुरुवातीची तारीख लिहा. नुसतं ‘तीस मिस्सा’ लिहिलं तर त्या सवडीने, विखरून होऊ शकतात. देवाला नाव लागत नाही, वहीला लागतं.

मध्येच खंड पडला तर घाबरू नये. अचानक आजारपणासारखं कारण असेल तर मालिका वाया जात नाही, उरलेल्या मिस्सा लवकरात लवकर पूर्ण करायच्या असतात. हा रोमचा 1967 चा निर्णय आहे. पवित्र सप्ताहातल्या शेवटच्या तीन दिवसांमुळेही ती मोडत नाही.

ऐपत नसेल तर फादरना तसं मोकळेपणाने सांगा. गरजूंच्या हेतूसाठी देणगीविनाही मिस्सा अर्पण करावी, अशी शिफारस कलम 945 मध्येच आहे.