गारखेड्यातला फ्लॅट सांभाळणारी सर्विस: करार एक नंबर, प्लंबरचा हिशोब कच्चा

आमचा टू बीएचके छत्रपती संभाजीनगरला गारखेड्यात आहे, आईच्या नावावर, आणि आम्ही सगळे नोकरीमुळं नांदेडला राहायलोत, म्हणून भाडेकरू बघणं, करार करणं, भाडं गोळा करणं, दुरुस्ती हे सगळं तिथल्याच एका ऑफिसला दिलंय. ऑफिसचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि दोन-तीन पोरांनी नव्यानं सुरू केलेलं काम आहे. पण अशी सर्विस घ्यावी का, हे बरेच जण विचारायलेत म्हणून सविस्तर लिहिते. मी स्वतः नांदेडला भाड्यानं राहते, त्यामुळं दोन्ही बाजूनं बघून लिहायले.

सगळ्यात चांगलं म्हणजे करार. आपल्याकडं अजून शंभरातले बरेच लोक स्टँपपेपरवर लिहून नोटरी करतात आणि म्हणतात ११ महिन्यांचाच आहे, नोंदवायची काय गरज. महाराष्ट्रात ते चालत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, ११ महिन्यांचा असला तरी, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला आणि पुढं भांडण झालं तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, मालकाला उलटं सिद्ध करत बसावं लागतं, वर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे मला त्या ऑफिसातल्या पोरानं पहिल्याच फोनवर नीट समजावून सांगितलं, तिथंच मी हो म्हणले.

खर्च पण लोकांना वाटतो तेवढा नाही. मुद्रांक शुल्क म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून जी रक्कम येईल तिच्या ०.२५ टक्के. १२ हजार भाडं, ३० हजार डिपॉझिट, ११ महिने धरलं तर ते चारशेच्या आतबाहेरच येतं, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. त्यावर यांची फी वेगळी. सगळं ऑनलाईन, आधारवर अंगठा आणि फोटो, सब रजिस्ट्रारच्या ऑफिसात जायचं कामच नाही. आईच्या बोटाचे ठसे मशीनवर लवकर उमटत नव्हते, वय झालं की तसं होतं, तर यांच्या ओळखीचा नांदेडमधला माणूस घरी येऊन न कंटाळता परत परत प्रयत्न करून घेऊन गेला, आणि भाडेकरूचा अंगठा तिकडं संभाजीनगरला वेगळा घेतला. आईला गाडीत बसवून तिकडं न्यावं लागलं नाही यातच माझे पैसे वसूल.

आणि पाण्याच्या अटी. हे पुण्या-मुंबईच्या तयार करारात नसतं, आणि आपल्याकडं अर्धी भांडणं त्यावरच होतात. शहराला पाणी पैठणच्या जायकवाडीवरून येतं, पण धरण भरलेलं असलं तरी नळाला रोज पाणी नाही, मधे कित्येक दिवस जातात, मग हौद, बोअर, टँकर. आमच्या बिल्डिंगला रीतसर सोसायटी नाही, सगळी घरं मिळून वर्गणी काढतात. तर यांनी करारातच लिहिलं की वर्गणीतला टँकर मालकाचा, स्वतःसाठी जास्तीचा मागवला तर भाडेकरूचा, हौद साफ करणं मालकाकडं, मोटार जळाली तर मालक भरणार पण हौद कोरडा असताना चालू ठेवून जाळली तर भाडेकरू. घरपट्टी मालक, लाईटबिल भाडेकरू, आणि राहायला येताना महावितरणच्या मीटरचा रीडिंगसकट फोटो दोघांच्या व्हॉट्सॲपवर. भिंती, नळ, खिडक्या, संडासाची टाकी, सगळ्याचा व्हिडिओ पण काढून ठेवला. भाडेकरूची माहिती पोलिसांकडं द्यायचं कामसुद्धा त्यांनीच केलं.

आता तक्रारी. पहिला मसुदा आला त्यात एक ओळ होती, घर सोडताना रंगाचे पैसे म्हणून एका महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून सरसकट कापणार. मी ती काढायला लावली. माणूस राहिला की भिंत थोडी मळणारच, ती वापरातली झीज आहे, तिचा खर्च मालकाचा, त्यासाठीच तर भाडं घेतो आपण. खिळे ठोकून प्लास्टर पाडलं, दार तोडलं तर जरूर कापा आणि बिल दाखवून कापा. ऑफिस म्हणालं सगळेच मालक टाकतात. टाकत असतील, पण डिपॉझिट हे भाडेकरूचेच पैसे असतात हे विसरून कसं चालेल.

दुसरी जास्त गंभीर. एका महिन्यात भाडेकरूचं भाडं लांबलं, कंपनीत पगार उशिरा झाला होता, तर वसुली बघणाऱ्या पोरानं मला फोनवर सुचवलं की मॅडम पाणी बंद ठेवू, दोन दिवसात पैसे येतात. मी तिथंच नाही म्हणले आणि ऑफिस चालवणाऱ्यांतल्या मोठ्या भावाशी बोलले. कायद्यात पाणी, लाईट अशा गरजेच्या गोष्टी भाडेकरूच्या विनाकारण तोडायला बंदी आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या घरात लहान लेकरू आहे. नोटीस द्या, मुदत संपल्यावर घर सोडत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं (म्हणजे याच भाडे कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडं) अर्ज करता येतो, तेवढ्या काळाचं दुप्पट भाडं मागायची तरतूद आहे. एवढा सरळ रस्ता असताना असले प्रकार करायचेच कशाला. भावानं ऐकून घेतलं, परत तसं झालं नाही. भाडं पण आठवड्यात आलं.

भाडेकरू शोधतानाही कोणते लोक चालतील हा प्रश्न त्यांनी मला विचारला, मी सांगितलं नोकरी काय आणि माणसं किती एवढंच कळवा, जात-धर्म मला कळवू नका. ते पाळलं, हे त्यांच्या बाजूनं लिहिते.

दुरुस्तीत मात्र ढिले आहेत. बाथरूमचं पाणी खालच्या घराच्या छताला झिरपायलं होतं, असलं काम मालकाचंच, मी लगेच हो म्हणले, तरी प्लंबर यायला लै दिवस लागले आणि बिलात नुसतं मटेरियल व मजुरी एवढीच एक रक्कम. कोणता पाईप, किती फूट, काही नाही. मागितल्यावर दुकानाची पावती आली. आता मी कामाआधीचा आणि नंतरचा फोटो आल्याशिवाय पैसे पाठवत नाही.

आमच्या वडिलांच्या पिढीला हे सगळं नवीन वाटतं. मराठवाड्यात २००० सालापर्यंत जुन्या हैदराबाद राज्याच्या काळातला १९५४ चा वेगळा घरभाडे कायदा होता, त्या काळचे भाडेकरू संभाजीनगरच्या जुन्या भागात, गुलमंडीच्या बाजूला, वाड्यांत वर्षानुवर्षं घर न सोडता राहिलेले त्यांनी पाहिलेत, म्हणून घर रिकामं ठेवू पण देणार नाही म्हणणारे अजून भेटतात. त्यांना हा नोंदवलेला करार आधी दाखवा, भीती बरीच कमी होते.

पाचपैकी साडेतीन देते. करारासाठी डोळे झाकून जावं, दुरुस्तीचं काम द्यायचं तर हिशोब लेखी मागून घ्यावा. जाताना आधार मोबाईलला जोडलेलं आहे ना बघा, पॅन आणि घरपट्टीची पावती किंवा लाईटबिल सोबत ठेवा, आणि मसुदा पाठवला की भाडेकरूला पण पूर्ण वाचायला द्या, अंगठा त्याच्यानंतर.