आईची डोकेदुखी, धडधड आणि दंडाचं बीपी मशीन: नऊ महिन्यांनंतर

गेल्या श्रावणात हे मशीन घेतलं ते नाइलाजानं. आईचं डोकं अचानक ठणकायला लागायचं, छातीत धडधड, दरदरून घाम, चेहरा पांढराफटक. वीसेक मिनिटांत सगळं ओसरायचं. रिक्षानं दवाखान्यात पोचेपर्यंत बाई ठणठणीत! बीपी १३०/८०, ईसीजी नॉर्मल. एमआरआय आणि टू-डी इकोही स्वच्छ. मग अर्धशिशी झाली, पित्त झालं, पाळी गेल्यानंतरचा त्रास झाला (ती जाऊन सात वर्षं झाली होती), आणि शेवटी, "त्या काळजी फार करतात." या वाक्यानंतर आईनं त्रास सांगणंच बंद केलं.

म्हणून मशीन. मनगटाचं घेतलं नाही, कारण मनगट हृदयाच्या पातळीत नसलं की आकडा चुकतो. पण दंडाच्या मशीनसोबत आलेला कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) २२ ते ३२ सेंमीचा, आणि आईचा दंड त्याहून जाड. आखूड कफनं आकडा फुगून येतो हे कळेपर्यंत आठवडा वाया गेला. मोठा कफ वेगळा मागवावा लागला, अ‍ॅडॉप्टरचेही वेगळे पैसे. विकत घेण्याआधी टेपनं दंड मोजा, एवढं नक्की सांगेन.

मशीन हिंदीत आकडे बोलतं. रात्री दोन वाजता शांत घरात तो आवाज आला की आई दचकायची, म्हणजे बीपी आणखी वर. दुसऱ्याच दिवशी आवाज बंद केला. सेल बदलले की तारीख-वेळ पुसली जाते, म्हणून मशीनच्या मेमरीवर न विसंबता शाळेची दोनशेपानी वही केली. वेळ, आकडा, ठोके आणि त्याआधी आई काय करत होती.

सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं पाठ टेकून बसवून घेतलेले आकडे सरळच येत होते. कामाचं निघालं ते त्रास चालू असतानाचं मोजणं. पहिल्यांदा हात थरथरत असल्यामुळे एरर आला. दुसऱ्यांदा कफ फुगला, थांबला, पुन्हा फुगला (दाब फार वर असला की तसं करतो) आणि आकडा आला २१४/११८, ठोके १२६. अर्ध्या तासानं १२८/७८. वहीत असे अकरा प्रसंग जमले, त्यातले आठ वाकण्याचे: तुळशीपुढचं झाडताना, बादली उचलताना.

मध्ये एका डॉक्टरांनी धडधडीवर बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) दिलं आणि झटके जास्तच जोरात यायला लागले. ती ओळ मी लाल पेननं लिहिली होती. पुण्यातल्या फिजिशियननी वही चाळली आणि बोट नेमकं तिथेच ठेवलं.

त्यांनी चोवीस तासांच्या लघवीतलं मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रिनलिनपासून बनणारं द्रव्य) तपासायला सांगितलं. लॅबवाले अ‍ॅसिड घातलेला कॅन देतात. आईला तो कॅन घरात ठेवायचीच लाज वाटत होती. रिपोर्ट मर्यादेच्या कितीतरी पट वर. सीटी स्कॅनमध्ये उजव्या मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत चार सेंमीची गाठ. नाव फिओक्रोमोसायटोमा. ही गाठ अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं रक्तात सोडते, म्हणून डोकं, धडधड आणि घाम एकदम. यात आधी अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) द्यायचं, ते लागू पडल्यावर गरज असेल तरच बीटा ब्लॉकर. उलटं झालं तर रक्तवाहिन्या आणखी आवळतात. लाल ओळीचा अर्थ तेव्हा कळला.

ऑपरेशनआधी तीन आठवडे प्राझोसिन हे अल्फा ब्लॉकर चालू होतं आणि पाणी-मीठ वाढवायला सांगितलं होतं. "जन्मभर मीठ तोडा म्हणणारे आता मीठ खा म्हणतात," आई दहा जणांना सांगत होती. या गोळीनं उभं राहिल्यावर चक्कर येते, म्हणून बसून आणि उभं राहून दोन्ही बीपी मोजायचो. मशीनचा सगळ्यात जास्त वापर याच दिवसांत झाला. गाठ दुर्बिणीतून काढली.

आजार दुर्मीळ आहे. हे वाचून शेजारच्या काकू लगेच घाबरल्या, त्यांना साधी अर्धशिशी आहे. आणि मशीनच्या पडद्यावर ठोके अनियमित असल्याची जी हृदयाची खूण येते, ती कफ लावून आई बोलत राहिली तरी लागते. त्यापायी आमची एक होल्टर तपासणी (दिवसभर अंगाला लावून ठेवायचा ईसीजी) फुकट गेली.

सहाव्या महिन्यात कफची नळी जोडापाशी गळायला लागली. वॉरंटीत कफ बसत नाही म्हणे. मशीनला पाचपैकी साडेतीन.

काल आईचं बीपी १२४/७६. मशीन मावशीला द्यायचं ठरलं होतं, पण गाठ परत येऊ शकते म्हणून मेटानेफ्रिन दरवर्षी तपासायचंय, बीपीवरही लक्ष ठेवायचंय. नवा कफ मागवलाय. मावशी रुसलीय.