भुयारी मेट्रोत वाट दाखवायला ब्लूटूथ की अल्ट्रा-वाइडबँड?

मुंबईच्या मेट्रो-३च्या स्थानकात खाली उतरलं की जीपीएसचा उपयोग संपतो. उपग्रहाचा सिग्नल तिथवर पोचतच नाही. मग दृष्टिहीन प्रवाशाला फोनच्या मदतीने नेमक्या गेटपाशी न्यायचं, तर पर्याय दोन.

ब्लूटूथ बीकन, म्हणजे भिंतीवर लावायची सतत सिग्नल सोडणारी छोटी यंत्रं, स्वस्त. छोट्या सेलवर महिनोन्‌महिने चालतात आणि जवळपास प्रत्येक फोनला कळतात. पण अंतराचा अंदाज बहुतेकदा सिग्नलच्या जोरावरून बांधला जातो, आणि इथेच मुंबईची गर्दी आडवी येते. माणसाच्या शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शोषतं. संध्याकाळी मध्ये माणसांची भिंत उभी राहिली की समोरचा बीकनही लांबचा वाटतो. दोन-चार मीटरची चूक सहज होते.

अल्ट्रा-वाइडबँड हे दुसरं रेडिओ तंत्र सिग्नलचा जोर नाही, लहर पोचायला लागलेला वेळ मोजतं. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जाते. स्पंद इतके आखूड असतात की थेट आलेली लहर आणि भिंतीवर आपटून आलेली लहर वेगळी ओळखता येते. वाट मोकळी असेल तर अचूकता १० ते ३० सेंटीमीटर. गर्दीने थेट लहर अडली तर हेही चुकतं, पण कमी.

अडचण फोनची आहे. ॲपलने २०१९ मध्ये आयफोन ११ला ही चिप दिली, मात्र स्वस्त अँड्रॉइडमध्ये ती सहसा नसते. तरी सरकत्या जिन्याच्या तोंडाशी मला अल्ट्रा-वाइडबँडच हवं. तिथे दोन मीटरची चूक म्हणजे अपघात. फोनमध्ये चिप नसेल, तर तिकीट खिडकीवर ती चिप असलेला छोटा टॅग प्रवासापुरता हाती द्यावा. बाकी स्थानकातल्या लांबलचक वाटांना ब्लूटूथ पुरे.