मिरजेत आईचं ऑपरेशन: रात्रपाळीच्या सिस्टरांसाठी पाचपैकी पाच

आईच्या खुब्याचं ऑपरेशन मिरजेतल्या एका खाजगी दवाखान्यात झालं. ऑपरेशन चांगलंच झालं, पण मला लिहायचंय ते रात्रपाळीच्या सिस्टरांबद्दल.

तिसरी रात्र. आई कुडकुडत होती म्हणून मी दुसरं ब्लँकेट घातलं. मग म्हणायला लागली, "गायीला वैरण टाकली का रे?" गाय विकून बारा वर्षं झाली. मला वाटलं, दुखण्याच्या औषधानं बरळतेय. दीडच्या राउंडला सिस्टर आल्या, त्यांनाही तसंच सांगितलं.

"दिवसा नीट बोलत होत्या ना?" एवढंच त्यांनी विचारलं आणि आईच्या पोटाकडं बघत, हातातल्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. २८. बीपी ९४/५६. ताप नाही, उलट अंग गार. शुगर बघितली, ती ठीक होती. मग खाली वाकून लघवीची पिशवी उजेडात धरली. चार तासांत जेमतेम ५० मिली, तीही गढूळ.

डॉक्टरांना फोनवर सगळे आकडे सांगून म्हणाल्या, "सेप्सिस वाटतंय सर, आत्ताच या." सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गामुळं सगळ्या शरीराचंच काम बिघडणं, जिवावर बेतणारं. ते येईपर्यंत दुसऱ्या हाताला सुई लावून झाली होती. अँटिबायोटिकच्या आधी दोन ठिकाणांहून कल्चरसाठी, म्हणजे रक्तात कुठले जंतू आहेत ते तपासायला, रक्त घेतलं. आधी औषध गेलं तर जंतू सापडायला अवघड जातं, हे मला त्यांनीच हात चालू ठेवत समजावलं. २:२० ला अँटिबायोटिक सुरू. सलाईन भराभर, दर पंधरा मिनिटांनी बीपी, पिशवीवर पेनानं खुणा. म्हाताऱ्या माणसाला सेप्सिसमध्ये ताप येईलच असं नसतं, हे मला त्या रात्री कळलं. मी तर ब्लँकेट घालून गप्प बसलो होतो.

पहाटे आईला आयसीयूत हलवलं, दोन दिवसांनी परत वॉर्डात आली. आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते.

तक्रार एकच, पण मोठी. रात्री २४ खाटांना एक सिस्टर आणि एक शिकाऊ मुलगी. आईजवळ त्या होत्या तेव्हा पलीकडच्या तीन खाटांवरून हाका चालू होत्या, आणि तिकडं जायला कोणी नव्हतं. रात्रपाळीला माणसं वाढवा, असं मी दवाखान्याला लेखी दिलंय. डिस्चार्ज कार्डावर सर्जनचं नाव आहे, भूलतज्ज्ञांचं आहे. सिस्टरांचं नाव कुठंच नव्हतं, म्हणून त्या पत्रात ते सगळ्यात वर लिहिलं.