पोतोसी की सुक्रे? बोलिव्हियात एकाच शहराला वेळ असेल तर

बोलिव्हियाचा प्लॅन करणाऱ्यांचं ला पाझ आणि उयुनीचं मिठाचं मैदान आधीच ठरलेलं असतं, मग मधले दोन-तीन दिवस उरतात आणि प्रश्न येतो पोतोसी घ्यायचं की सुक्रे. दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत, दोघांमध्ये रस्त्याने साधारण तीन तासांचं अंतर, आणि नेटवर जो तो सांगतो की सुक्रे जास्त सुंदर आहे. सुंदर आहेच, वादच नाही. पण माझं मत पोतोसीच्या बाजूने आहे, कारण सुक्रेचा तो सगळा पांढराशुभ्र थाट पोतोसीच्या चांदीवर उभा राहिलाय. खाणमालकांना वर पोतोसीतली थंडी आणि विरळ हवा सोसायची नव्हती, म्हणून खाणी वर चालायच्या आणि वाडे खाली सुक्रेत बांधले जायचे.

आधी उंचीचं बघू, कारण बऱ्याच जणांचा निर्णय इथेच होतो. सुक्रे सुमारे २,८०० मीटरवर आहे, हवा छान, रात्री झोप लागते. पोतोसी ४,००० मीटरच्याही वर, म्हणजे आपल्या लेहपेक्षाही पाचशेहून जास्त मीटर उंच, आणि गल्ल्या सगळ्या चढ-उताराच्या. आई-बाबा बरोबर असतील, लहान मुलं असतील, कुणाला दम्याचा त्रास असेल तर सरळ सुक्रे घ्या, फार विचारच करू नका.

आता पोतोसी. गावाच्या डोक्यावर सेरो रिको नावाचा लालसर डोंगर आहे, १५४५ मध्ये तिथे चांदी सापडली आणि १६११ च्या गणतीत या उजाड जागी सुमारे १,६०,००० लोक राहत होते, त्या काळात युरोपातली मोजकीच शहरं एवढी मोठी होती. खाणीत माणसं कुठून आणली? १५७० च्या दशकात स्पेनचा इथला व्हाइसरॉय तोलेदो याने मिता नावाची वेठबिगारी पक्की केली, आजूबाजूच्या प्रांतांतल्या कामाच्या वयाच्या पुरुषांपैकी सातातल्या एकाला पाळीने खाणीत जावं लागायचं, आणि बरेच जण परत यायचे नाहीत. खनिज दळायच्या पाणचक्क्यांसाठी वर डोंगरात तलाव बांधले होते, त्यातला एक १६२६ मध्ये फुटला आणि गावाचा मोठा भाग वाहून गेला.

या चांदीचा आपल्याशीही संबंध आहे बरं का. पोतोसीचे रेआल, म्हणजे स्पॅनिश चांदीची नाणी, युरोपमार्गे आणि मनिलामार्गे आशियात यायचे, आणि सुरतेसारख्या बंदरांत उतरलेली ही नाणी तिथल्या टाकसाळीत वितळवून मुघल रुपये पाडले जायचे.

म्हणून पोतोसीत एकच गोष्ट बघायची तर कासा दे ला मोनेदा, म्हणजे जुनी टाकसाळ. आत गाइडबरोबरच सोडतात, अर्धा दिवस काढून ठेवा. चांदीचे पत्रे लाटायची अठराव्या शतकातली प्रचंड लाकडी यंत्रं अजून जागेवर आहेत, पार स्पेनमधून आणलेली. वरच्या मजल्यावर दात्यांची चाकं आणि खालच्या मजल्यावर तोच खांब गोल गोल ओढणारी खेचरं, अशी रचना. खालच्या अंधाऱ्या खोलीत उभं राहून वर बघितलं की एका नाण्यामागे किती अंगमेहनत होती ते कळतं. मग सान लोरेन्सो चर्चचा दगडी दरवाजा बघाच, त्यावर सूर्य-चंद्र आहेत आणि चक्क तंतुवाद्य वाजवणाऱ्या जलपऱ्या कोरल्यात, चर्चवर!

खाणीच्या टूरबद्दल मात्र स्पष्ट सांगते, मी सुचवणार नाही. डोंगर आतून पोखरलेला आहे, माथा खचतोय, २०१४ पासून पोतोसी युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशाच्या यादीत आहे, आणि आत माणसं आजही सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, अंगावर घेत काम करतायत, तिथे आपण फोटो काढायला जाणं मला पटत नाही. खाणकामगारांच्या बाजारात फिरून या, कोकाची पानं आणि डायनामाइट एकाच दुकानात मिळतं.

सुक्रेची बाजू लंगडी नाहीये. संविधानाप्रमाणे देशाची राजधानी आजही तीच, सरकार ला पाझला गेलं ते १८९९ च्या यादवीनंतर. ६ ऑगस्ट १८२५ ला बोलिव्हियाचं स्वातंत्र्य जाहीर झालं ती कासा दे ला लिबेर्ताद नावाची वास्तू इथेच. मुलांना आवडेल असं म्हणजे काल ओर्को, सिमेंटच्या खाणकामात उघडी पडलेली जवळजवळ उभी भिंत आणि तिच्यावर डायनोसॉरची हजारो पावलं. ते भिंत चढत नव्हते हो, तेव्हा ती सपाट चिखलाची जमीन होती, नंतर भूस्तर उचलला गेला.

पण माझ्यासाठी सुक्रेत सगळ्यात भारी म्हणजे आदिवासी कलेचं म्युझियम. सुक्रेजवळच्या तराबुको गावाच्या कापडात नीट ओळीत रोजचं जगणं दिसतं, शेती, लग्न, नाच. आणि शेजारी हाल्का या आदिवासी समाजाचं विणकाम, लाल-काळं, त्यात पंखवाले, कुबडवाले, उलटे लटकलेले प्राणी, एकाला दुसरा चिकटलेला, वर-खाली काही कळतच नाही, कारण ते पाताळाचं जग आहे. थोड्याच अंतरावरचे दोन समाज आणि इतकं वेगळं डोकं.

खाण्यात सुक्रे पुढे, चॉकलेट आणि सकाळची साल्तेन्या, म्हणजे रसदार सारण भरलेली भाजलेली करंजी, तिथलीच खा. पोतोसीत कालापुर्का म्हणून मक्याचं दाट सूप मिळतं, त्यात तापवलेला दगड टाकून देतात आणि वाटी टेबलवर उकळत राहते, फक्त शाकाहारी असाल तर आधी विचारा, मांस असतं बहुतेक.

आणि दोन्ही जमत असतील तर आधी सुक्रे, मग पोतोसी, म्हणजे शरीराला उंचीची सवय होते आणि पोतोसीहून पुढे उयुनीची बस साधारण चार तासांची. रविवार सुक्रेत पडेल असं बघा, तराबुकोचा बाजार त्याच दिवशी भरतो, आणि टाकसाळीचे वार-वेळा आधीच बघून मग पोतोसीची बस बुक करा.