स्क्रबर, कमी गंधकाचा कोळसा की कोरडी भुकटी: कोणत्या चिमणीला काय?

कोळशातलं १ टन गंधक जळलं की जवळपास २ टन सल्फर डायऑक्साइड तयार होतो. कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमणीतून तो बाहेर पडू नये म्हणून अडवायचा कसा हे ठरवताना बरेच जण जवळच्या हवा मापन केंद्रावरचा आकडा बघतात आणि तो मर्यादेत असला की निश्चिंत होतात. माझ्या मते निर्णय इथेच चुकतो. कॅनडातल्या सडबरीत १९७२ साली ३८१ मीटर उंचीची चिमणी चालू झाली. गावातली हवा सुधारली, पण वायू दूरवर पसरला. हवेत काही दिवस राहिला की त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात. त्यामुळे तिन्ही पर्याय वर्षाला किती टन वायू बाहेर पडू देतात, यावरच तोलायला हवेत.

ओला स्क्रबर (एफजीडी). धूर चुनखडीच्या दुधाळ पाण्याच्या फवाऱ्यातून जातो आणि ९० टक्क्यांहून जास्त वायू तिथेच अडतो. १ टन वायूमागे साधारण १.६ टन चुनखडी लागते आणि २.७ टन जिप्सम निघतं. ते उचलणारा सिमेंट कारखाना आधीच गाठून ठेवा, नाहीतर आवारात ढीग साचतो. पाणी, जागा, वीज सगळंच जास्त लागतं. तरी कोळशात गंधक भरपूर असेल आणि युनिट अजून पंधरा-वीस वर्षं चालणार असेल, तर मी दुसरा विचार करणार नाही.

कमी गंधकाचा कोळसा. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने एकूण उत्सर्जनावर मर्यादा आली, तेव्हा अनेक वीज केंद्रांनी स्क्रबरऐवजी पावडर रिव्हर खोऱ्यातला कोळसा मागवला. रेल्वेची वाहतूक स्वस्त झाली होती, म्हणून ते परवडलं. दोन गोष्टी मात्र तपासा. उष्मांक कमी असेल तर तेवढ्याच विजेला कोळसा जास्त जळतो आणि फायद्यातला काही भाग तिथेच जातो. शिवाय गंधक घटलं की राखेचा विद्युतरोध वाढतो, ईएसपी (धुरातली राख विजेच्या भाराने ओढून घेणारं यंत्र) ती नीट पकडत नाही आणि धूळ वाढते.

कोरडी भुकटी. चुना किंवा सोडियम बायकार्बोनेट थेट धुरात सोडायचं. उभारणी लवकर होते, पण भुकटीचा खर्च रोजचा आणि वायू ओल्या स्क्रबरपेक्षा बराच कमी अडतो. लवकरच बंद होणाऱ्या युनिटला हे ठीक.

यंत्र चालतं का, हा प्रश्न निवडीइतकाच मोठा आहे. चीनमध्ये सुरुवातीला कित्येक स्क्रबर बसवूनही बंदच ठेवलेले असत. चिमणीवर सतत मोजणी सुरू झाली आणि वाढीव वीजदर स्क्रबर चालवण्याशी जोडला गेला, तेव्हा उत्सर्जन खरोखर उतरलं. पाहणीला जाल तेव्हा पांढऱ्या लोटाने दचकू नका, ओल्या स्क्रबरनंतर दिसते ती बहुतांशी पाण्याची वाफ. सल्फर डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही. बायपासचं, म्हणजे स्क्रबर टाळून धूर थेट चिमणीत सोडणारं दार सीलबंद आहे का, ते बघा आणि चुनखडीच्या खरेदीच्या पावत्या मागा.